सॅटेलाइट इमेज नकाशावर नीट बसवायची कशी: ग्राउंड कंट्रोल पॉइंट घेऊन जिओमेट्रिक करेक्शन, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एकाच भागाच्या पण वेगवेगळ्या वर्षांच्या दोन सॅटेलाइट इमेज एकावर एक टाका आणि वरची सारखी चालू-बंद करून बघा. इमेज नीट बसलेली नसेल तर रस्ता उडी मारतो, वरची चालू असताना पूल इथे आणि बंद केली की चार पिक्सेल पलीकडे. आता अशा दोन इमेज घेऊन तुम्ही जंगल किती कमी झालं, वस्ती किती वाढली हे मोजायला बसलात तर जे बदल निघतील त्यातले बरेचसे जमिनीवर झालेलेच नसतात, इमेज सरकलेली आहे म्हणून दिसतात एवढंच. पुढचं सगळं विश्लेषण कितीही भारी करा, पाया इथेच कच्चा राहिलेला असतो.

म्हणून जिओमेट्रिक करेक्शन. सोप्या भाषेत सांगायचं तर इमेजमधला अमुक ओळीतला अमुक पिक्सेल जमिनीवर नेमका कुठे आहे हे ठरवायचं आणि त्याप्रमाणे अख्खी इमेज नव्याने मांडायची. त्यासाठी जे ओळखीचे बिंदू आपण घेतो, म्हणजे इमेजमध्येही दिसतात आणि ज्यांचे खरे कोऑर्डिनेटही आपल्याला माहीत आहेत, ते ग्राउंड कंट्रोल पॉइंट, रोजच्या बोलण्यात जीसीपी.

आधी बघा, गरज आहे का

हे पहिलं लिहितोय कारण नवीन लोक इथेच चुकतात, इमेज डाउनलोड केली की लगेच पॉइंट मारायला बसतात. लँडसॅटचा आणि सेंटिनेल-२ चा जो डेटा आज फुकट मिळतो तो बहुतेक वेळा आधीच दुरुस्त केलेला असतो. सेंटिनेल-२ चा लेव्हल-१सी म्हणजे ऑर्थोरेक्टिफाय, म्हणजे जमिनीची उंची धरून दुरुस्त झालेलाच असतो. लँडसॅटच्या फाइलच्या नावात एल१टीपी असं असेल तर त्यात जीसीपी आणि उंचीचा डेटा दोन्ही वापरून करेक्शन झालेलं आहे, आणि टिअर-१ या सगळ्यात अचूक गटामध्ये असेल तर त्याची आरएमएसई (जागेच्या चुकीची एक प्रकारची सरासरी, हिशोब पुढे येतो) १२ मीटर किंवा त्याहून कमी असते, म्हणजे ३० मीटरच्या पिक्सेलला अर्ध्या पिक्सेलच्याही आत. अशी इमेज परत रेक्टिफाय करायला जाल तर चांगली आहे ती बिघडवाल. २०२० च्या डिसेंबरपासून जे कलेक्शन-२ आलं त्यात लँडसॅटची जागा सेंटिनेल-२ च्या रेफरन्सशी जुळवलेली आहे, त्यामुळे या दोघांचं एकमेकांशी आता बऱ्यापैकी जमतं.

पण फाइलच्या नावात एल१जीएस दिसलं तर तिथे फक्त सॅटेलाइटच्या स्वतःच्या माहितीवर काम भागवलेलं असतं, जीसीपीही नाही आणि उंचीही नाही. एल१जीटी असेल तर उंची घेतलेली असते पण जीसीपी नसतात. ढगांनी भरलेल्या किंवा बर्फाच्या सीनमध्ये हे बरेचदा दिसतं कारण जुळवायला जमीनच दिसत नाही. अशा वेळी, किंवा जास्त रिझोल्यूशनची कच्ची इमेज हातात असेल तेव्हा, किंवा जुनी फिल्म स्कॅन केलेली असेल तेव्हा आपल्याला बसावं लागतं. जुनी फिल्म म्हणजे उदाहरणार्थ कोरोना या अमेरिकन हेर-उपग्रहांची छायाचित्रं, १९६० ते १९७२ दरम्यान घेतलेली आणि १९९५ मध्ये खुली केलेली. जुनी शेतं, नद्यांचे जुने प्रवाह, धरणाखाली गेलेली गावं बघायची तर हा खजिना आहे, पण स्कॅन केलेल्या फ्रेमला जागेची काहीच माहिती जोडलेली नसते, शिवाय कॅमेरा पॅनोरॅमिक असल्यामुळे पट्टीच्या दोन्ही टोकांना चित्र भयंकर ताणलेलं असतं.

इमेज वाकडी होते ती का

कारण कळलं की पुढे कोणतं ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे पिक्सेल सरकवायचं सूत्र, निवडायचं हे आपोआप सुचतं, म्हणून हा भाग गाळू नका.

पहिलं कारण पृथ्वीचं फिरणं. लँडसॅट ७०५ किलोमीटरवरून जातो आणि त्याचा १८५ किलोमीटर लांबीचा सीन टिपायला साधारण २७ सेकंद लागतात, तेवढ्यात खालची जमीन पूर्वेकडे सरकत असते, विषुववृत्तावर सेकंदाला साधारण ४६५ मीटर. गुणाकार करा, १२ किलोमीटरच्या वर गेलं. म्हणजे सीनची शेवटची ओळ पहिल्या ओळीच्या मानाने एवढी बाजूला पडते. पण हे नियमित आहे, सूत्राने निघतं, म्हणून डेटा देणारी संस्था ते आधीच काढून टाकते. पृथ्वीची वक्रता, स्कॅनरचा कोन, हेही त्याच गटातलं.

दुसरं, सॅटेलाइट थोडा डुलतो, नाक वर-खाली होतं, उंची कमी-जास्त होते. हे अनियमित असतं. सॅटेलाइटवरची यंत्रं ते मोजतात पण त्या मोजमापातही चूक राहते, आणि जी उरते ती जीसीपीने काढायची.

तिसरं कारण जमिनीचा चढउतार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ याच्यामुळे होतो. सॅटेलाइट तिरपं बघत असेल तर डोंगराचा माथा इमेजमध्ये त्याच्या खऱ्या जागेवर दिसतच नाही, तो कॅमेऱ्यापासून लांबच्या दिशेला ढकलला जातो. किती, तर उंची गुणिले तिरपेपणाच्या कोनाचा टँजंट. माथा आजूबाजूपेक्षा ३०० मीटर उंच आहे आणि बघण्याचा कोन २० अंश आहे, तर ३०० गुणिले ०.३६४, म्हणजे जवळपास १०९ मीटर. अर्ध्या मीटरच्या पिक्सेलमध्ये हे २०० पिक्सेलच्या वर झालं! लँडसॅट तर सरळ खाली बघतो, तरी सीनच्या कडेला कोन साधारण साडेसात अंशांचा होतो, तिथे १००० मीटर उंच डोंगर १३० मीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे चार पिक्सेल.

यातून एक गोष्ट पक्की होते. सपाट भागात साधं पॉलिनॉमियल, म्हणजे इमेजमधल्या जागेवरून नवी जागा काढणारं बहुपदी समीकरण, चालतं. डोंगराळ भागात कितीही जीसीपी मारा, पॉलिनॉमियलने ते जमणार नाही, कारण शेजारशेजारच्या माथ्याला आणि दरीला वेगवेगळं सरकवायचं असतं आणि पॉलिनॉमियलला उंची माहीतच नसते. तिथे ऑर्थोरेक्टिफिकेशनच लागतं, ते पुढे सांगतो.

रेफरन्स आणि कोऑर्डिनेट सिस्टिम

ज्याच्यावर बसवायचं ते तुमच्या इमेजपेक्षा अचूक हवं. मी साधारण तिप्पट अचूक धरतो, म्हणजे तुम्हाला ३ मीटरची अचूकता हवी असेल तर रेफरन्स १ मीटरच्या आतला बघा. रेफरन्स म्हणून आधी दुरुस्त झालेली दुसरी इमेज चालते, सर्व्हेचा नकाशा चालतो, किंवा स्वतः जाऊन जीपीएसने घेतलेले पॉइंट. वेबवरच्या नकाशांमधली इमेज बॅकग्राउंडला लावून त्याच्यावरून पॉइंट घेणं सगळ्यात सोपं म्हणून सगळे तेच करतात, पण ती इमेज म्हणजे वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असतात आणि डोंगराळ भागात तीच कित्येक मीटर सरकलेली असू शकते. वापरा, पण दोन-चार ठिकाणी जीपीएस रीडिंगशी ताडून मगच.

जुना छापील नकाशा रेफरन्सला घेत असाल तर त्याचा डेटम (अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मॉडेलवर मोजलेत ते) कोणता ते कोपऱ्यातल्या बारीक टायपात वाचा. जुन्या डेटमचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ चे (जीपीएस वापरतं त्या डेटमचे) म्हणून टाकले तर शेकडो मीटरचा फरक पडू शकतो, आणि वाईट भाग असा की सगळे पॉइंट सारखेच सरकतात म्हणून रेसिड्युअल (प्रत्येक पॉइंटची उरलेली चूक) मस्त छोटे येतात आणि चूक दिसतच नाही.

काम यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत करा, अंशांमध्ये नको. अंशांमध्ये एक अडचण आहे, उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर सगळीकडे, पण पूर्व-पश्चिम एक अंश ध्रुवाकडे जाताना आकसत जातो, ६० अक्षांशावर तर निम्माच उरतो. मग चूक ०.०००३ आली तर ती किती हे पटकन कळत नाही, मीटरमध्ये असली की लगेच कळतं. यूटीएमचे ६० झोन आहेत, प्रत्येक ६ अंशांचा, आपला झोन बघायचा, डब्ल्यूजीएस ८४ वर उत्तर गोलार्धासाठी ईपीएसजी कोड (कोऑर्डिनेट सिस्टिमचा ठरलेला क्रमांक) ३२६ ने सुरू होतो आणि दक्षिणेसाठी ३२७ ने, पुढचे दोन आकडे झोनचे. प्रोजेक्टची सिस्टिम आधी सेट करून टाका, पॉइंट मारून झाल्यावर नको.

जीसीपी निवडणं, खरं काम हेच

बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं, हे एक आपणच करायचं असतं, म्हणून इथे घाई अजिबात करू नका. चांगला जीसीपी म्हणजे काय, तर इमेजमध्ये ठळक दिसतो, त्याची जागा एका बिंदूवर नेमकी सांगता येते, दोन्ही तारखांना तिथेच होता, आणि जमिनीच्या पातळीवर आहे. यातली शेवटची अट सगळे विसरतात. इमारतीच्या गच्चीचा कोपरा इतका छान धारदार दिसतो की मोह होतोच, पण वर जे उंचीचं गणित केलं ते गच्चीलाही लागू आहे, ३० मीटर उंच इमारत २० अंशांवर ११ मीटर सरकते. टॉवरचा शेंडा, पाण्याची टाकी, झाडाचा शेंडा, सावलीचं टोक, हे सगळं वर्ज्य. सावली तर वेळेनुसारही फिरते.

पिक्सेलच्या आकारावर निवड ठरते. ३० मीटरच्या इमेजमध्ये मोठ्या रस्त्यांचे चौक, कालवा आणि रेल्वे जिथे एकमेकांना छेदतात ती जागा, विमानतळाच्या धावपट्टीचं टोक असं काहीतरी लागतं, आणि धावपट्टी मधल्या काळात वाढवलेली नाही ना तेही बघायचं. अर्ध्या मीटरच्या इमेजमध्ये मात्र चौक हा पॉइंट होऊच शकत नाही कारण तो चाळीस-चाळीस पिक्सेल पसरलेला असतो, तिथे झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्याचा कोपरा, खेळाच्या मैदानावरच्या रेघांचा काटकोन, मोरीच्या कठड्याचं जमिनीवरचं टोक असं बारीक शोधायचं.

नदीचा काठ, वाळूचे पट्टे, तलावाची कड यांच्यापासून लांब राहा. एका कामात मी तलावाच्या कडेला असलेली तीन छान टोकदार वळणं जीसीपी म्हणून घेतली होती, इमेज पावसाळा संपल्यानंतरची आणि रेफरन्स उन्हाळ्यातला, पाणी आटलेलं असल्यामुळे कड आत सरकलेली होती आणि तिन्ही पॉइंट तलावाच्या मध्याकडे ओढले गेले. इमेजचा तेवढाच भाग आकसला. मला वाटत राहिलं की ट्रान्सफॉर्मेशन चुकतंय, मी पॉलिनॉमियलची ऑर्डर (म्हणजे घात) बदलत बसलो, दोन दिवस गेले. दोन्ही इमेजच्या तारखा शेजारी लिहून ठेवल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून तारीख बघितल्याशिवाय पाण्याजवळचा पॉइंट घेत नाही.

पॉइंट मारताना खूप झूम करण्याचा काही फायदा नाही. पिक्सेल इतके मोठे झाले की नुसते चौकोन दिसतात आणि चौक कुठे आहे तेच कळेनासं होतं. मी असं करतो, आधी थोडं लांबून बघतो, चारही बाजूंनी येणाऱ्या रस्त्यांच्या मधल्या रेघा डोळ्यांनी पुढे ओढतो, त्या जिथे मिळतील ती जागा मनात पक्की करतो आणि मगच जवळ जाऊन क्लिक करतो. असं केलं की पिक्सेलच्या आत सुद्धा, म्हणजे पाव-अर्ध्या पिक्सेलपर्यंत जागा पकडता येते. आणि रेफरन्सवर क्लिक करतानाही रस्त्याचा मध्यच, एकीकडे मध्य आणि दुसरीकडे कडा असं झालं की रस्त्याच्या अर्ध्या रुंदीची चूक आलीच.

आता पॉइंट पसरवायचे कसे. पलंगावर चादर घालताना चारी कोपरे खोचले नाहीत आणि फक्त मधे हात फिरवला तर कडा गोळा होतात, तसंच हे आहे. शहराच्या भागात पॉइंट सहज सापडतात म्हणून लोक सगळे तिथेच मारतात आणि जंगलाचा किंवा माळरानाचा कोपरा तसाच सोडतात, मग त्या कोपऱ्यात इमेज कुठेही जाते. मनातल्या मनात इमेजवर चार बाय चारची जाळी आखा आणि प्रत्येक खणात निदान एक पॉइंट मिळवायचाच असं ठरवा. कडेच्या खणांना आधी हात घाला, मधले आपोआप होतात. एखाद्या खणात काहीच नसेल तर पायवाटांचा फाटा, खडकाचा ठळक आकार, काहीतरी शोधाच, अर्धा तास गेला तरी चालेल.

किती घ्यायचे? पॉलिनॉमियलच्या पहिल्या ऑर्डरला कमीत कमी ३ लागतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १०. हे किमान आहे, एवढेच घेतले तर चूक मोजायला काही शिल्लकच राहत नाही. मी पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरला १५ ते २० घेतो. आणि त्याशिवाय वेगळे चेकपॉइंट, जे ट्रान्सफॉर्मेशनला द्यायचेच नाहीत, हातचे राखून ठेवायचे. घरगुती कामाला सहा-आठ चालतील, अचूकतेचा रीतसर रिपोर्ट द्यायचा असेल तर निदान २०, आणि अमेरिकेतल्या एएसपीआरएस या संस्थेच्या २०२३ च्या मानकात तर किमान ३० सांगितलेत. हे चेकपॉइंटही सगळीकडे पसरलेले हवेत आणि आधीच बाजूला काढायचे, शेवटी जे बरे दिसतात ते निवडून नाही.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन जीपीएसने घेणार असाल तर इमेजची प्रिंट बरोबर न्या, पॉइंटवर खूण करा, जागेचा फोटो काढा आणि दोन रेघांचं का होईना स्केच काढा. घरी आल्यावर पॉइंट क्रमांक ७ म्हणजे मोरीचं हे टोक का ते टोक हे कोणालाच आठवत नाही. मोबाइल किंवा हातातल्या साध्या जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटर धरा, झाडाखाली किंवा उंच इमारतींजवळ जास्त. १० मीटर किंवा त्याहून मोठ्या पिक्सेलला ते चालून जातं, अर्ध्या मीटरच्या इमेजला नाही, तिथे आरटीके किंवा डिफरन्शियल जीपीएस, म्हणजे दुसऱ्या स्थिर रिसीव्हरच्या मदतीने चूक काढणारं, लागतं.

क्यूजीआयएसमध्ये प्रत्यक्ष

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून तेच सांगतो. जिओरेफरन्सर, म्हणजे त्यातलं इमेज बसवायचं साधन, नव्या आवृत्त्यांमध्ये लेयर मेन्यूत आहे, जुन्यांमध्ये रास्टर मेन्यूत सापडेल. मुख्य खिडकीत रेफरन्स लावून ठेवा, जिओरेफरन्सरच्या खिडकीत ओपन रास्टरने कच्ची इमेज उघडा. अॅड पॉइंट घेऊन इमेजवर क्लिक केलं की छोटी खिडकी येते, तिथे जीपीएसचे आकडे टाइप करा किंवा फ्रॉम मॅप कॅनव्हास दाबून रेफरन्सवर क्लिक करा. टाइप करताना आधी पूर्व, मग उत्तर. आकडे उलटसुलट होणं ही फार नेहमीची चूक आहे, ५४८३२० च्या जागी ५४३८२० पडलं की पॉइंट साडेचार किलोमीटर बाजूला गेला. चार-पाच पॉइंट झाले की सेव्ह जीसीपी पॉइंट्स करून ठेवा, प्रोग्राम बंद पडला तर सगळं परत मारायला नको.

मग ट्रान्सफॉर्मेशन सेटिंग्जमध्ये प्रकार निवडायचा. लिनिअर फक्त जागा आणि स्केल बदलतं, इमेज फिरवत नाही. हेल्मर्ट त्यात फिरवणं धरतं. पॉलिनॉमियल १ मध्ये तिरकेपणाही येतो आणि सपाट भागातल्या बहुतेक इमेजला हेच पुरतं. पॉलिनॉमियल २ थोडा बाक काढू शकतं, मोठ्या सीनला किंवा स्कॅन करताना वाकलेल्या फिल्मला कामाचं. पॉलिनॉमियल ३ मी शक्यतो टाळतो, पॉइंटच्या मधे आणि कडेला इमेज लाटेसारखी वरखाली होते आणि जिथे पॉइंट नाहीत तिथे तर वाटेल तशी ताणली जाते. प्रोजेक्टिव्ह सपाट जमिनीच्या तिरप्या फोटोला चांगलं. थिन प्लेट स्प्लाइन प्रत्येक पॉइंट अगदी जागेवर नेऊन बसवतं, कोरोनासारख्या वेड्यावाकड्या ताणलेल्या इमेजला तेच उपयोगी पडतं पण त्याला पॉइंट भरपूर लागतात आणि त्याचे रेसिड्युअल शून्य येतात. ते शून्य बघून खूश होऊ नका, त्यात एक पॉइंट चुकीचा असेल तर तोही तितक्याच इमानदारीने चुकीच्या जागी बसवलेला असतो. स्प्लाइन वापरायचं असेल तरी आधी पॉलिनॉमियल लावून चुकीचे पॉइंट शोधून घ्या.

रेसिड्युअल वाचायला शिका

खाली जी टेबल दिसते त्यात प्रत्येक पॉइंटचा रेसिड्युअल असतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनने तो पॉइंट जिथे नेला आणि तो जिथे असायला हवा होता यातलं अंतर. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली आणि वर्गमूळ घेतलं की आरएमएसई. समजा सहा पॉइंट आहेत आणि रेसिड्युअल पिक्सेलमध्ये ०.४, ०.६, ०.५, ०.३, ०.७ आणि २.९ असे आहेत. वर्गांची बेरीज ९.७६, भागिले ६ म्हणजे १.६३, वर्गमूळ १.२८. त्यातल्या ८.४१ एकट्या शेवटच्याने आणल्या. तो काढला आणि बाकीचे तसेच राहिले असं धरलं तर ०.५२ वर येतं. प्रत्यक्षात एक काढला की बाकीचे पण थोडे हलतात, पण अंदाज आला असेल.

म्हणून सरळ तो डिलीट करायचा का? नाही. आधी त्या पॉइंटवर परत जा, झूम करा, नेमकं काय चुकलंय बघा. आकडे उलटे पडले असतील, भलत्याच चौकावर क्लिक झालं असेल, रस्ता नवीन झाला असेल. कारण सापडलं तर दुरुस्त करा किंवा काढा. कारण सापडत नसेल आणि पॉइंट डोळ्यांना बरोबर दिसत असेल तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, बहुतेक वेळा हे की तिथली जमीन उंच आहे. मोठा रेसिड्युअल दिसला की उडवायचा, परत दिसला की परत उडवायचा असं करत गेलं तर शेवटी आकडा सुंदर येतो आणि राहिलेले पॉइंट सगळे एका सपाट पट्ट्यात गोळा झालेले असतात.

आणखी एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा कळली. दूर कोपऱ्यात एकटा असलेला पॉइंट चुकीचा असला तरी त्याचा रेसिड्युअल छोटा दिसू शकतो, कारण त्या बाजूला त्याला विरोध करणारा दुसरा कोणीच नसतो, तो अख्खी इमेज स्वतःकडे ओढून घेतो आणि मधल्या बिचाऱ्या बरोबर पॉइंटचे रेसिड्युअल वाढतात. तुम्ही त्या मधल्यांना दोष देऊन काढून टाकता. याला उपाय म्हणजे प्रत्येक पॉइंटसमोरची टिक एकेक करून काढून बघायची, बाकी सगळे एकदम सुधारले तर गुन्हेगार तो. आणि कोपऱ्यात नेहमी दोन पॉइंट घ्यायचे, म्हणजे ते एकमेकांवर लक्ष ठेवतात.

इमेजवर रेसिड्युअलच्या लाल रेघा दिसतात त्यांची दिशाही बघा. कुठेही कशाही असतील आणि छोट्या असतील तर छान, ती फक्त क्लिकची थरथर आहे. एका भागात सगळ्या एकाच दिशेला असतील तर ट्रान्सफॉर्मेशन कमी पडतंय किंवा उंचीचा प्रश्न आहे.

रिसॅम्पलिंग

नव्या जाळीतला पिक्सेल जुन्या पिक्सेलवर नेमका पडत नाही, मग त्याला किंमत कुठली द्यायची हे ठरवावं लागतं. निअरेस्ट नेबर सगळ्यात जवळच्या पिक्सेलची किंमत जशीच्या तशी उचलतो, म्हणून पुढे वर्गीकरण करायचं असेल, एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढायचा असेल किंवा इमेज आधीच वर्ग क्रमांकांची असेल तर हेच. वर्ग ३ आणि वर्ग ७ ची सरासरी ५ काढून काय उपयोग. तोटा असा की सरळ रस्ते पायऱ्यांसारखे तुटतात, पिक्सेल अर्ध्यापर्यंत सरकतो. बायलिनिअर चार पिक्सेलची वजनी सरासरी घेतो, जरा धूसर होतं. क्युबिक १६ पिक्सेल घेतो, डोळ्यांना छान दिसतं, पण ठळक कडांजवळ मूळ डेटात नसलेल्या किमती येऊ शकतात, म्हणून छापायच्या नकाशाला घ्या, मोजमापाला नको.

पिक्सेलचा आकार मूळ होता तोच ठेवा. आणि रिसॅम्पलिंग एकदाच करा. आधी रेक्टिफाय, मग दुसऱ्या प्रोजेक्शनमध्ये, मग क्लिप करून परत, असं तीन वेळा केलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं पुसलं जातं. शेवटी कोणत्या सिस्टिममध्ये हवंय ते ठरवूनच रन दाबा. सगळे बँड (इमेजचे वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांचे थर) एकाच वेळी, एकाच पॉइंट फाइलने.

डोंगराळ भाग असेल तर

जास्त रिझोल्यूशनच्या इमेजबरोबर बहुतेक वेळा आरपीसी फाइल येते, त्यात ८० गुणांक असतात आणि ते अक्षांश, रेखांश, उंची दिली की इमेजमधली ओळ आणि स्तंभ सांगतात. ती फाइल इमेजपासून वेगळी करू नका, नावही बदलू नका, नाहीतर सॉफ्टवेअरला सापडत नाही. उंचीसाठी डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचं रास्टर, लागतो, एसआरटीएम हा २००० च्या फेब्रुवारीत घेतलेला किंवा कोपर्निकसचा, दोन्ही ३० मीटरचे मिळतात. जीडीएएल या फुकट साधनसंचाच्या वॉर्प कमांडला आरपीसी वापर आणि हा डीईएम घे एवढं सांगितलं की काम होतं.

इथला खड्डा असा, आरपीसीला सहसा एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची उंची हवी असते आणि एसआरटीएम देतो जिओइडपासूनची, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशोबाची. दोघांमधला फरक जगात कुठे उणे १०६ मीटरपर्यंत तर कुठे अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. ८० मीटरचा फरक आणि २० अंशांचा कोन म्हणजे २९ मीटर इमेज सरकली. डीईएम आधी एलिप्सॉइडवर आणून घ्या.

एवढं करूनही काही मीटर सरकलेलं राहतं, कारण सॅटेलाइटच्या स्वतःच्या दिशेची चूक आरपीसीत आलेलीच असते. ती बहुधा सगळीकडे सारखी असते, म्हणून इथे वीस जीसीपी लागत नाहीत, चांगले तीन-चार पुरतात. पॉलिनॉमियलपेक्षा हा रस्ता किचकट वाटतो पण डोंगरात याला पर्याय नाही.

तपासणी

आता ते राखून ठेवलेले चेकपॉइंट बाहेर काढा. दुरुस्त झालेल्या इमेजवर प्रत्येकाची जागा वाचा, खऱ्या जागेतून वजा करा, पूर्व आणि उत्तर वेगवेगळं लिहा. आधी साधी सरासरी बघा, ती शून्याच्या जवळ नसेल तर अख्खी इमेज एका दिशेला सरकलेली आहे, डेटम किंवा डीईएमकडे परत जा. मग दोन्ही मिळून आरएमएसई काढा. पूर्व आणि उत्तर दोन्हीकडची चूक साधारण सारखी असेल तर त्याला १.७३०८ ने गुणलं की ९५ टक्के खात्रीचा आकडा मिळतो, म्हणजे आरएमएसई १२ मीटर असेल तर जवळपास २१ मीटर. रिपोर्टमध्ये हाच लिहा, जीसीपीचा आरएमएसई नको, कारण जीसीपी तर आपणच जुळवून घेतलेले असतात. दोन तारखांमधला बदल मोजायचा असेल तर दोन इमेजमधली एकमेकांतली चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आणायचा प्रयत्न करा.

आकड्यांनंतर डोळे. रेफरन्स खाली, नवी इमेज वर, आणि चालू-बंद. चारही कोपऱ्यात जा, मग एखाद्या टेकडीच्या माथ्यावर, मग तिच्या पायथ्याशी, मग ज्या खणात पॉइंट मिळाला नव्हता तिथे. रस्ता जागेवर राहिला पाहिजे.

मूळ कच्ची इमेज, आरपीसी, पॉइंटची फाइल, कोणता पॉइंट का काढला याच्या दोन ओळी आणि कोणता डीईएम वापरला ते, हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावात इमेजची तारीख टाका. दोन वर्षांनी त्याच भागाची तिसरी इमेज येईल तेव्हा निम्मे जीसीपी तयारच असतील, फक्त त्या जागा अजून तशाच आहेत का तेवढं बघून घ्यायचं.